अण्णांच्या शेजारची जागा

छोटी मोटार घ्यावी की घेऊ नये, असा सल्ला विचारायला परवा माझा भाचा आला होता. मोटारीतलं मला काय कळणार? जन्मभर मी शाळेत चालत गेलो आणि चालतच घरी आलो. पण लहान मोटारीचे फायदे-तोटे म्हटले की मला सोलापूरचे रेवणप्पा अण्णा आठवतात, आणि मग त्या विषयावर माझ्याच्याने धड बोलवत नाही. भाच्याला एवढंच म्हटलं, “घे बाबा, पण आधी घरातली माणसं मोज.” म्हातारा थट्टा करतोय असं वाटून तो हसला आणि चहा पिऊन गेला.

मी सोलापुरात एका हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो तेव्हा ऐन पंचविशीत होतो. शुक्रवार पेठेतल्या एका बोळात माडीवरच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड, आणि समोर अण्णांचं घर. भुसार मालाचं त्यांचं जुनं दुकान होतं. घरात अण्णा आणि त्यांची बायको गौरव्वा, धाकटा भाऊ मल्लप्पा आणि त्याची बायको शांतव्वा, मल्लप्पाची सहा मुलं, आणि या सगळ्यांवर अंमल चालवणारी अण्णांची आई. तिला सारी पेठ अव्वा म्हणायची. अण्णांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. घरात कानडी, दुकानात मराठी आणि टांगेवाल्यांशी दखनी, या तिन्ही भाषा ते एकाच चढ्या आवाजात बोलत. अंगाने धिप्पाड, डोक्याला रुमाल, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. बोळातून चालले की समोरच्याला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे.

त्यांना तंबाखूसुद्धा चालत नसे. व्यसन एकच होतं, न्यायाचं. कलिंगडांचे दिवस आले की त्यांच्या ओसरीवर वाटप चाले, आणि ते बघायला मी मुद्दाम खिडकीशी उभा राही. पहिली फोड अव्वाला, मग शांतव्वाला, मग मुलांना, त्यांत जो लहान तो आधी, मग दुकानातल्या हमालांना, मग बोळापलीकडे आम्हाला. एखाद्या पोराच्या फोडीत बियाच फार निघाल्या तर ती परत घेऊन दुसरी देत. “वाटणी सरळ पायजे की मास्तर. घर फुटतंय ते हितंच फुटतंय,” असं मला सांगत. सगळ्यांचं झालं की सालाजवळचा पांढरट तुकडा उरे. तो अण्णांचा. त्यातला अर्धा मोडून ते आतल्या दाराकडे हात करत आणि दाराआडून गौरव्वांचा हात पुढे येई.

“अण्णा, तुम्ही घ्या की चांगली फोड,” असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं असे. “आमचं मागनं.”

या ‘आमचं’मध्ये गौरव्वा धरलेल्या असत. थोरल्याने मागे राहावं, आणि बायको काही वेगळं माणूस नव्हे, आपलंच अंग आहे, अशी त्यांची साधी समजूत होती. मला हे फार थोर वाटायचं. आमच्या बायकोला वाटायचं नाही. “स्वतःच्या ताटातलं देतात ते ठीक आहे हो, पण हे तिच्याही ताटातलं देऊन टाकतात,” असं ती एकदा म्हणाली. तेव्हा मला ते बायकी कुरकुरीसारखं वाटलं होतं.

एका गिरणीतला गोरा साहेब विलायतेला परत जायला निघाला तेव्हा अण्णांनी त्याची मोटार विकत घेतली. मोहोळकडच्या खेड्यांतून ज्वारी बघायला त्यांना सारखं जावं लागे, आणि आगगाडीने गेलं तरी स्टेशनापासून पुढे बैलगाडी चुकत नसे. मोटार आली त्या दिवशी पेठ लोटली. पण मोटार म्हणजे केवढी! पुढे दोन माणसं, आणि मागे मुलांपुरतीच अशी एक फळी. वर कापडी टप. पोरांनी भाजीच्या पाटीवरून तिचं नाव लगेच ‘पाटी’ ठेवलं. कोपऱ्यावरच्या टांगेवाल्याने तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारली आणि विचारलं, “क्या अण्णा, बच्चा लाए, इसकी मा किधर हय?” अण्णा सगळ्यांत मोठ्याने हसले. ते आत शिरले की ती गाडी एका अंगाला कलायची. अण्णा मोटारीत बसत नाहीत, अंगरख्यासारखी अंगात घालतात, असं मी म्हणायचो.

मोटारीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. ती वाचून अर्थ सांगायला मला बोलावणं आलं. पहिल्याच पानावर एक चित्र होतं. साहेब मोटार चालवतोय, शेजारी मडम, मागे एक मुलगा आणि एक मुलगी. खाली लिहिलेलं मी मराठीत सांगितलं, की सबंध कुटुंबासाठी ही गाडी अगदी योग्य आहे.

अण्णा चित्राकडे पाहत राहिले. “हे सबंद कुटुंब?”

“हो. नवरा, बायको, दोन मुलं.”

“मग त्याची आई कुटं हाय? भाऊ? भावाची पोरं?”

“असतील आपापल्या घरी.”

अण्णांनी पुस्तिका मिटून बाजूला ठेवली. “म्हंजे वाटण्या झालेल्या लोकांची गाडी हाय की ही,” ते म्हणाले, आणि नवी मोटार दारात असून त्या दिवशी जरा उदासच होते.

ते चित्र दुपारी घरातल्या बायकांनीही पाहिलं. गौरव्वा आमच्याकडे ताक द्यायला आल्या तेव्हा त्यांनी आमच्या बायकोपाशी विषय काढला. किडकिडीत, सावळ्या, हसताना तोंडावर पदर धरणाऱ्या या बाईला मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी आतल्या खोलीत वह्या तपासत बसलो होतो आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

“वैनी, ती मडम बगितली का? नवऱ्याच्या शेजारी कशी ऐटीत बसलीया!” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “मला तसं एकडाव बसायचं हाय. आमच्या अप्पांच्या दारात जाऊन उतरायचं हाय. अप्पा लई थकल्यात वैनी. ते हायत तवर.”

त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पुढे, बोरी नदीच्या काठी. म्हातारा बाप एकटाच मागे राहिलेला. मोटारीत नवऱ्याशेजारी बसून बाप आहे तोवर माहेरी जायचं, एवढीच त्या बाईची मागणी होती, आणि तीसुद्धा तिने नवऱ्याकडे न करता आमच्या बायकोकडे केली होती. बायकोने ती माझ्याकरवी अण्णांपर्यंत पोचवली. अण्णा म्हणाले, “एवडंच व्हय? न्हेतो की. सगळ्यांचं होऊ द्या.”

दसऱ्याला मोटारीची पूजा झाली आणि सगळ्यांना सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत एकेक फेरी मारून आणायचं ठरलं. गौरव्वांनी मोटारीला ओवाळलं, नारळ फुटला. पहिल्या फेरीला पुढे अव्वा बसली, तिच्या मांडीवर सर्वांत लहान नातू. मग शांतव्वा मुलांना घेऊन मागच्या फळीवर. थोरल्या दिराच्या शेजारी बसणं रीतीला धरून नव्हतं, म्हणून पुढे मल्लप्पा. मग मोठी मुलं. मग हमालांची हौस झाली. मग “मास्तर, चला” म्हणून मला ओढून नेलं. मी परत येऊन उतरलो तेव्हा गौरव्वा दारात उभ्या होत्या. सकाळपासून स्वयंपाकात होत्या, पण आता इरकली लुगडं नेसलेल्या, केस नीट बसवलेले.

“दिवेलागणीला घरची लक्ष्मी भाईर पडती व्हय?” अव्वा आतून म्हणाली.

अण्णांनी बायकोकडे पाहिलं. “आमचं मागनं,” ते म्हणाले. गौरव्वा दिवा लावायला आत गेल्या.

त्या मोटारीचे गुण खरोखर पुष्कळ होते. टांगा वळत नसे अशा बोळात ती सहज वळायची. पेट्रोल बेताचं प्यायची. मोहोळच्या बाजूला काळ्या रानात चाक रुतलं तर चार गडी तिला उचलून कोरड्यावर ठेवायचे. आयुष्यात कधी खिळा न ठोकलेले अण्णा तिच्याखाली पाठीवर पडून नटबोल्ट आवळायला शिकले आणि काळे हात मिरवत दुकानात बसू लागले. सकाळी मोहोळला जाऊन दिवस मावळायच्या आत परत, याचं त्यांना फार अप्रूप होतं. बोळाच्या टोकाला एक तेलुगू विणकर राहायचा. त्याच्या पोराचा घसा सुजून श्वास कोंडला तेव्हा अण्णांनी त्याला असं भरधाव डॉक्टरकडे नेलं की पोर वाचलं. पेठेत कुणी बाळंतपणाला अडलं, कुणी जिन्यावरून पडलं, की अण्णांचं दार वाजे आणि अण्णा कुणाला नाही म्हणत नसत.

दोष विचारला की ते एकच सांगत. “गाडी चांगली हाय मास्तर. माणसंच जास्त हायत.”

खरंच, त्या घरात ‘जागा न्हाय’ हा शब्द मोटारीबरोबर आला. बैलगाडीत कधी जागा नसायची असं होत नसे, थोडं सरकलं की झालं. मोटारीत सरकायलाच जागा नव्हती. कोण गेलं, कोण राहिलं, हे रोज दिसू लागलं. शांतव्वा एकदा तीन दिवस रुसली, कारण तिच्या मुलाच्या आधी अण्णांच्या पाहुण्या आलेल्या बहिणीच्या मुलाला नेलं. मल्लप्पा धुसफुसला. अण्णांना याचा इतका धसका बसला की त्यांनी मोटारीत बसवण्याच्या पाळ्या ठरवून टाकल्या, आणि कलिंगडाच्या फोडींसारखी आपली पाळी अगदी तळाशी ठेवली.

आणि बायकोला बसवायचं म्हटलं तरी कुठे? मागची फळी पोरांची. नऊवारी नेसलेल्या बाईला तिथे गुडघे छातीशी घेऊन बसावं लागे. राहिली पुढची जागा, तर तिथे अव्वा आडवी येई.

“चार लोकांत नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून जानार? मी मेल्यावर जावा म्हनावं,” असं ती आमच्या देखत म्हणाली होती. “आन धाकटीनं मागं दबून बसायचं, थोरलीनं म्होरं मिरवायचं. हा कसला रं तुजा न्याय?”

न्यायाचं नाव काढलं की अण्णा संपले.  पेठेतल्या लग्नांना मोटार मागायला लोक येत. फुलांच्या माळा सोडून नवरा-नवरीला तिच्यात बसवत आणि अण्णा हौसेने वरात चालवत. मोटार बोळातून निघताना गौरव्वा दारात येऊन त्या परक्या नवरीला ओवाळत आणि माघारी वळत. खिडकीतून ते बघताना मला अण्णांचा राग यायचा. एवढा उंचापुरा माणूस, सगळ्या पेठेचं बघतो, आणि घरातल्या एका माणसाचं ह्याला दिसत कसं नाही? पण तोंडावर बोलायची माझी प्राज्ञा नव्हती. आणि बोललो असतो तरी ते म्हणाले असते, ती काय वेगळी हाय व्हय?

तरी अण्णांनी एकदा लबाडी केली. तेवढी एकच मला माहीत आहे. दुकानात मला पोत्यांच्या मागे नेऊन त्यांनी बेत सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा चोरून ऊस खाल्लेल्या पोरासारखा झाला होता. अव्वाला अक्कलकोटला एका नातलगाकडे जायचं होतं. तिथपर्यंत अव्वा पुढे, गौरव्वा मागे. अव्वाला अक्कलकोटला उतरवायचं, आणि मग पुढच्या रस्त्याला गौरव्वांना पुढे घ्यायचं. “तितनं फुडं कोन वळकतंय आमाला? बसंल की शेजारी,” अण्णा म्हणाले. “अप्पांच्या दारात हारन वाजवतो बगा. म्हातारा दचकून भाईर येतंय की न्हाय!”

दिवस ठरला. गौरव्वांनी शेंगाच्या पोळ्या करून फडक्यात बांधल्या. सकाळी त्या तेच इरकली लुगडं नेसून ओसरीवर आल्या तेव्हा आमच्या बायकोने वरूनच विचारलं, “निघालात?” त्यांनी नुसती मान हलवली, पण चेहरा असा फुलला होता की बायको मला म्हणाली, बघा तरी.

अव्वा मोटारीत चढायच्या बेतात होती तेवढ्यात मोहोळकडून शांतव्वाच्या माहेरचा गडी आला. तिच्या भावाला साप चावला होता, ताबडतोब बोलावलं होतं. शांतव्वाने हंबरडा फोडला. मल्लप्पा भावाच्या तोंडाकडे बघू लागला. अण्णा मोटारीच्या दाराला धरून उभे राहिले. एका बाजूला मोहोळ, दुसऱ्या बाजूला अक्कलकोट. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ठरवायचं त्यांनीच होतं, पण बोलल्या गौरव्वा.

“जावा की. आमचं मागनं.”

मोटार मोहोळच्या रस्त्याला लागली. शांतव्वाचा भाऊ वाचला, आणि कुणीही असंच केलं असतं हे मला कळतं. पण परत येताना सीना नदी ओलांडताना पुढच्या चाकाची स्प्रिंग मोडली. तिचा सुटा भाग मुंबईहून यायचा होता. तो येण्याआधीच बोरीकाठून माणूस आला. अप्पा गेले होते.

गौरव्वा माहेरी गेल्या त्या आगगाडीने आणि मग बैलगाडीने, मल्लप्पाबरोबर. अण्णा दुकान टाकून निघाले होते, पण मोटारीवाचून आपण त्या दारात कसे जाणार असं काहीसं त्यांच्या मनाने घेतलं आणि ते स्टेशनावरूनच परत फिरले. हे मला अजून समजलेलं नाही. गौरव्वा दिवस करून परत आल्या. त्यानंतर मोटार दुरुस्त झाली, रंगही नवा दिला. एका संध्याकाळी ओसरीवर कुणी नसताना अण्णा त्यांना म्हणाले, “चल. आत्ता चल. कोन काय म्हनतंय बगू.”

“आता कुटं? कुनाकडं?” गौरव्वा म्हणाल्या. त्यात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या आजारी पडल्या. पोटात गाठ होती आणि त्यांनी ती किती दिवस कुणाला सांगितली नव्हती देव जाणे. सगळ्यांचं झाल्यावर आपलं बघायचं, ही त्या घराची शिकवण त्यांनी दुखण्यालाही लावली होती. डॉक्टर घरी आले, त्यांनी तपासलं आणि सांगितलं की दवाखान्यात हलवा, पण उठवून बसवायचं नाही, आडवंच न्यायचं.

अण्णा पाना घेऊन मोटारीकडे धावले. पुढची, आपल्या शेजारची बैठक त्यांनी उचकटून काढली. मागची फळी काढली. गोधडी अंथरली आणि स्वतः आत आडवे होऊन बघितलं. मग मल्लप्पाच्या थोरल्या मुलीला निजवून बघितलं. मुलीचेसुद्धा पाय दाराबाहेर येत होते. भर उन्हात घामाने निथळत ते कधी डोकं इकडे करत, कधी तिकडे, आणि तोंडाने सारखं “मावंल, मावंल” चाललेलं. शेवटी मल्लप्पाने त्यांच्या हातातून पाना काढून घेतला. दुकानाची बैलगाडी आणली, तिच्यात कडबा आणि त्यावर गादी घातली, आणि गौरव्वांना त्यात निजवून नेलं.

अण्णा मोटार घेऊन पुढे गेले. दवाखान्यात सांगून परत आले. बैलगाडी अजून पेठेतच होती. पुन्हा पुढे गेले, पुन्हा परत आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मल्लप्पा ओरडला, “अण्णा, धूळ उडतीया वैनीच्या तोंडावर!” तेव्हा त्यांनी मोटार एका झाडाखाली उभी केली आणि बैलगाडीच्या मागच्या दांडीला धरून चालू लागले. डोक्याला रुमाल नव्हता. मी त्यांना बोडक्या डोक्याने पहिल्यांदाच पाहिलं. किती पांढरे झाले होते केस!

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात टेकले. त्याच बैलगाडीने गौरव्वांना घरी आणलं आणि दोन दिवसांनी सकाळी त्या गेल्या. मला तोवर दुसऱ्या गावी नोकरी मिळाली होती, सामानाची बांधाबांध झाली होती. त्या दिवशी अण्णांना पाहिलं ते माझं शेवटचं.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, भस्म लावतात, नवं वस्त्र नेसवतात, केळीचे खुंट बांधलेल्या पालखीसारख्या विमानात बसवून खांद्यावरून रुद्रभूमीत नेतात आणि तिथे बसलेलंच मातीत ठेवतात. गौरव्वांनाही ओसरीवर भिंतीशी बसवलं होतं. अंगावर इरकली लुगडं, कपाळभर भस्म, गळ्यात फुलांचे हार. घरच्या ओसरीवर अशा मधोमध बसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दारात विमान तयार होत होतं. खांबाला टेकून बसलेले अण्णा त्यांच्याकडे टक लावून बघत होते. मग ते उठले.

“विमान ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “हिला मोटारीतनं न्हेतो.”

भजन थांबलं. मल्लप्पा पुढे झाला. “अण्णा, आसं कुनी केलंय का? लोक काय म्हनतील?”

विधी करायला आलेले वृद्ध स्वामी समजुतीने म्हणाले, “रेवणप्पा, माणसांच्या खांद्यावरनं जायाचा शेवटचा मान असतोय. तो का काढून घेतो तिचा?”

“मान नको हुता सामी तिला,” अण्णा म्हणाले. त्यांचा तो चढा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “जागा पायजे हुती.”

 सगळ्यांच्या नजरा अव्वाकडे गेल्या. ती उंबऱ्याशी बसली होती. इतक्या वर्षांत मी तिचा हुकूम ऐकला होता, रडणं नव्हे. आताही ती रडत नव्हती. सुनेकडे न बघता, जमिनीकडे बघत ती म्हणाली, “म्होरं बसव. तुज्याशेजारी.” आणि तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

उचकटलेली बैठक आणि फळी मल्लप्पाने पुन्हा बसवून दिली. अण्णांनी मोटारीच्या पुढच्या जागेवर बायकोला स्वतः उचलून बसवलं. मागच्या फळीवर गुडघे दुमडून शांतव्वा बसली आणि तिने मागून जावेचे दोन्ही खांदे धरले. टाळ वाजू लागले. माणसं पुढे, मागे मोटार, तिच्यामागे आम्ही, अशी यात्रा बोळातून निघाली. टपाच्या मागच्या काचेतून तिघांची डोकी दिसत होती. विणकरांच्या बायका माग सोडून दारात आल्या. कोपऱ्यावरचा टांगेवाला खाली उतरून घोड्याचा लगाम धरून उभा राहिला. पेठेतून, सगळ्यांच्या देखत, गौरव्वा नवऱ्याच्या शेजारी बसून चालल्या होत्या. 

त्या मोटारीला माणसांच्या चालीने चालायची सवय नव्हती. तशी चालवली की आतलं पाणी तापे. रुद्रभूमी थोडी दूर राहिली असेल, तेव्हा तिच्या नाकातून वाफ यायला लागली आणि भर रस्त्यात अण्णांनी ती थांबवली. यात्रा थांबली. कुणीतरी जवळच्या घरातून घागर आणली, मल्लप्पाने झाकण उघडून पाणी ओतलं. अण्णा खाली उतरले नाहीत. चक्रावर दोन्ही हात ठेवून, मान जरा डावीकडे कलती करून ते बायकोशी हळूहळू काहीतरी बोलत होते. शांतव्वा बैठकीच्या पाठीवर कपाळ टेकून रडत होती, पण हात तिने सोडले नव्हते. एवढी वर्षं समोर राहून मला कानडी आलं नव्हतं. मी दाराशीच उभा होतो, तरी मला ‘अप्पा’ एवढा एकच शब्द दोनतीनदा कळला.

वाफ थांबली. ऊन चढत होतं, टाळ धरलेली माणसं ताटकळली होती. मल्लप्पाने पुढच्या पत्र्यावर तळहात ठेवून पाहिला आणि खिडकीशी येऊन हलक्या आवाजात म्हणाला, “अण्णा, निवली. निगायचं का?”

अण्णांनी वर पाहिलं नाही.

“थांबा की जरा,” ते म्हणाले. “अजून गरम हाय.”

 मल्लप्पा मागे सरला, आणि आम्ही सगळे तसेच उन्हात उभे राहिलो.